नसलेली गोड बातमी

सकाळी खाली ऑफिसात आले तर सासूबाई फळ्यावरून माझं नाव पुसत होत्या. ओल्या फडक्याने, कानाकोपरा न सोडता. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा तो पांढरा फळा म्हणजे घरातला कायदा. कोणी कुठली गाडी घेऊन कुणाला कधी शिकवायचं ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि लिहिण्या-पुसण्याचा हक्क फक्त सासूबाईंचा. शाळा काढली मोठ्या सरांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पण त्यांचंही नाव बायकोच्या मर्जीनेच फळ्यावर चढतं आणि उतरतं.

“आई, माझा आत्ता तास आहे.”

“होता. आजपासून तुझी गाडी बंद.” त्यांनी फडकं पिळलं आणि दार ढकलून घेतलं. “मला कळत नाही होय? काल भर रस्त्यात उलटी केलीस. न्हाणीघरातलं तुझं पॅडचं पाकीट दोन महिने तसंच आहे, मी काय आंधळी आहे? अगं, सांगायचंस तरी!”

आणि त्यांनी मला जवळ घेतलं. आमच्या घरात कुणी कुणाला जवळ घेत नाही, वेळच नसतो. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. मी ओंडक्यासारखी उभी राहिले. त्याला त्या लाजणं समजल्या.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, म्हणतात. त्या भटाच्या तुरी निदान बाजारात तरी होत्या. आमच्याकडे अजून बाजारच भरला नव्हता.

आडवळणं घेत नाही, सरळ सांगते. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं आणि नवरा-बायकोत जे होतं ते आमच्यात एकदाही होऊ शकलं नव्हतं. नवरा जवळ आला की माझं शरीर मिटायचं. मी मिटायचे असं नाही. मला तो आवडतो, त्याचा हात खांद्यावर असला की बरं वाटतं. पण पुढे जायची वेळ आली की मांड्या आवळायच्या, पोट दगड व्हायचं, आणि खाली जशी भिंतच. दुखायचं ते इतकं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तो थांबायचा. भला माणूस आहे. थांबायचा, कूस बदलायचा, आणि सकाळी आम्ही दोघं दुसऱ्यांना गाडी शिकवायला जायचो.

काल झालेली उलटीही पोटातल्या कुणामुळे नव्हती. माझी एक शिंपीणबाई आहे, शिलाईच्या यंत्रावर वाघीण, पण गाडीत बसली की शेळी. तिने ब्रेक समजून भलतंच दाबलं आणि गाडी समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर धावली. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो मी दाबला, भिंत हातभर राहिली. “बघा, थांबली की नाही!” असं मी हसत म्हणाले, कारण शिकणाऱ्यापुढे घाबरायचं नाही हा मोठ्या सरांचा नियम. मग दार उघडून मी गटाराशी ओकले. शिंपीणबाईने ऑफिसात येऊन सगळं सांगितलं, भिंतीचं सोडून.

दिवसभर माझा पाय त्या ब्रेकवर अधांतरी असतो. टेकवायचा नाही, काढायचाही नाही. वर पाणी कमी प्यायचं, कारण दुपारपर्यंत उतरायला मिळत नाही आणि बाईमाणसाने जायचं तरी कुठे? पुरुष मास्तर झाडामागे जाऊन येतात. मी धरून ठेवते. या घरात मला सून म्हणून आणलं ते माझ्याकडे शिकवायचं लायसन्स होतं म्हणूनच. मॅडम आहेत म्हटल्यावर बायका शिकायला येतात. मुलगी पसंत पडायला रंगरूप लागतं असं आई म्हणायची. इथे लायसन्सवरचा अवजड वाहनाचा शिक्का कामाला आला.

आणि खोली. ऑफिसच्या डोक्यावर आम्ही राहतो आणि आमची खोली म्हणजे शाळेची जुनी कचेरी. सगळ्या गाड्यांच्या चाव्या आमच्याच पलंगाच्या डोक्याशी खिळ्यांना टांगलेल्या असतात. खाली ठेवल्या तर चोरीला जातील म्हणून. उजाडायच्या आत सासरे येतात, दारावर एकदा टकटक करतात आणि उत्तराची वाट न पाहता आत शिरतात. कडी लावायची सोय नाही, कारण एकदा आमची कडी लागलेली होती आणि पहिला तास चुकला होता. त्याची गोष्ट अजून जेवताना निघते. मी डोळे मिटून पडून राहते. डोक्यावर चाव्या वाजतात, एक निघते, दार उघडंच राहतं. अशा खोलीत कुठलं शरीर सैल सुटेल, तुम्हीच सांगा.

नवऱ्याचीही एक चूक झाली, आणि ती फक्त आमच्याच घरात होऊ शकते. अगदी सुरुवातीला, मी घाबरलेय हे कळल्यावर, तो मला धीर द्यायला लागला. “हळू... हळू... घाई नाही... सोड आता... अजून थोडं सोड... शाब्बास.” हा आवाज माझ्या ओळखीचा होता. चढावर गाडी मागे जाऊ न देता क्लच कसा सोडायचा ते तो याच आवाजात शिकवतो. मला हसू फुटलं. इतकं, की उशीत तोंड खुपसावं लागलं. तो उठून बसला. नंतर त्याने धीर द्यायचंच बंद केलं आणि प्रयत्न मात्र चालू ठेवले. मला वाटतं त्या हसण्याचं त्याला खूप लागलं. पण मलाही लागलंच होतं की. आयुष्यातल्या त्या एका जागीसुद्धा मी परीक्षा देत होते.

तर फळा पुसून झाला आणि नवरा जिन्यावरून खाली आला. पोरं-पोरी त्याला छोटे सर म्हणतात. सासूबाईंनी त्याला हसून काहीतरी खूण केली. तोवर आत येऊन बसलेले मोठे सर खुर्चीतून उठले, चालत गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “शाब्बास,” म्हणाले.

मी त्याच्याकडे बघत होते. आता हा म्हणेल, की बाबा, काहीतरी गैरसमज आहे. दुनियेत दोनच माणसांना खरं ठाऊक होतं आणि ती दोन्ही त्या ऑफिसात उभी होती.

त्याने मान खाली घातली आणि हसला.

मग मला टेबलाशी बसवलं. फोन घ्यायचे, नव्या लोकांना नियमांच्या चित्रांचं पुस्तक द्यायचं, पाणी प्यायचं. सासूबाई दर थोड्या वेळाने भांडं भरून आणत होत्या. सव्वा वर्षात पहिल्यांदा मला हवं तेव्हा न्हाणीघरात जाता येत होतं आणि मला रडू येत होतं. येणारी प्रत्येक बाई माझ्याकडे बघून गोड हसायची. कारण विचारलं की सासूबाई म्हणायच्या, “अजून कुणाला सांगायचं नाही हं,” आणि सांगायच्या. शिंपीणबाईने तर अंगडी-टोपडी शिवायचं कबूल करून टाकलं. भिंतीवर जाता जाता वाचलेली बाई, तिला काय, जगच नवं होतं.

दुपारी नवरा म्हणाला, “मैदानावरची गाडी आणायचीय, चल जरा.” मैदान म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, तिथे आम्ही खांबांमधून गाडी मागे घ्यायला शिकवतो. आमच्या घरात दोघांनी बोलायचं तर गाडीच लागते.

“तू का नाही बोललास?” मी दार लावताच विचारलं.

“बाबांनी खांद्यावर हात ठेवला गं.”

“मग?”

“कधी ठेवला होता? पहिल्या झटक्यात लायसन्स काढलं तेव्हासुद्धा नाही.” तो समोरच्या खांबांकडे बघत होता. “राहू दे ना थोडे दिवस. आनंदात आहेत.”

“आणि थोड्या दिवसांनी? पोट कुठून आणू?”

“तेव्हा सांगू की... पडलं म्हणून. होतं बऱ्याच जणींचं. कुणी जास्त विचारत नाही. उलट वर्षभर तुला कुणी त्रास देणार नाही.”

त्याने ते आधीच ठरवून ठेवलं होतं. सकाळपासून चार लोकांना गिअर शिकवता शिकवता याने माझं न आलेलं मूल पाडूनही टाकलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, क्षणभर मलाही ते बरं वाटलं. वर्षभर कुणी विचारणार नाही! कुणाला नको असतं असं वर्ष?

“मी नाही खोटं रडणार,” मी म्हटलं.

“मग खरं सांगणार? काय सांगशील? की माझा नवरा—” तो थांबला. मग खूप हळू म्हणाला, “पाळी मात्र खरंच नाही आली ना तुला.”

“नाही आली.”

“उलटी पण झाली.”

तो काय विचारतोय ते कळायला मला वेळ लागला. कळलं तेव्हा कान तापले. त्याने लगेच, “तसं नाही, तसं नाही,” केलं, माझा हात धरायला गेला, पण शब्द तोंडातून सुटले ते सुटले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहायला जी बोटभर जागा होती ती म्हणजे हा माणूस. तीही गेली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई आमच्याच शाळेच्या. सध्या माझ्याकडेच गाडी शिकतात, मागे घेताना दोनदा खांब पाडून बसल्यात. “आपल्याच आहेत, सगळं नीट सांगतील आपल्याला,” सासूबाई वाटेत म्हणाल्या. त्यातलं ‘आपल्याला’ मी ऐकलं. माझ्या पोटातलं सांगायचं ते आपल्याला.

तपासायच्या खोलीत त्याही शिरल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“तुम्ही बाहेर बसा.”

“मी सासू आहे तिची.”

“ओळखते ना. बाहेर बसा.”

फळ्याच्या मालकिणीला कुणी बाहेर बसवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. एरवी मजा वाटली असती.

लघवीची तपासणी आधीच झाली होती. “गर्भ नाही,” त्या म्हणाल्या.

“मला माहीत आहे.”

“कसं?”

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, जमिनीकडे बघत, फरशीचा एक टवका उडालेला होता त्याच्याशी बोलल्यासारखं. त्यांनी मध्ये हं-हूं केलं नाही. मग विचारलं, “तपासू का? नको म्हणालात तर नाही. मध्येच नको वाटलं तरी थांबेन.”

हो म्हणून मी टेबलावर आडवी झाले. त्यांचा हात अजून लागलाही नव्हता आणि माझे गुडघे एकमेकांवर आपटले, कंबर वर उचलली गेली, कपाळावर घाम आला. मी “सॉरी, सॉरी” म्हणत होते. त्यांनी लगेच हातमोजा काढून टाकला.

“झालं. उठा, कपडे नीट करा. कळलं मला.”

“काय कळलं? काय नाहीये माझ्यात?”

“सगळं आहे. काही कमी नाही.” त्या स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. “माणूस घाबरला की खांदे वर जातात, जबडा आवळतो. ते दिसतं. तसेच ओटीपोटाच्या तळाशी स्नायू असतात, तेही आवळतात. ते दिसत नाहीत. तुमचे दिवसभर आवळलेलेच राहत असणार. वर भीती, वर दुखल्याची आठवण. मग कुणी जवळ आलं की ते तुम्हाला न विचारता बंद होतात. तुम्ही करत नाही ते, आणि ठरवून सोडताही येत नाहीत. पण शिकता येतं. व्यायाम घेणारी बाई आहे आमच्याकडे, शांतपणे शिकवते. मनावरचं बोलायलाही माणूस आहे. वेळ लागतो, पण बहुतेक जणींना बरं वाटतं.”

“आणि पाळी?”

“ताण, झोप नाही, खाणं नाही. शरीराला वाटतं आत्ता सगळं धोक्यात आहे, मग डोक्यातून पाळीचा निरोपच जात नाही. दुसरं काही नाही ना, ते बघायला रक्त तपासू. आणि ऐका, तोवर प्रयत्न करायचा नाही. दुखत असताना तर मुळीच नाही. नवऱ्याला घेऊन या, मी सांगते त्यांना.”

मी रडले. दुःखाने नाही, रागाने. सव्वा वर्ष मी समजत होते की मला बनवतानाच काहीतरी राहून गेलंय. रोज न्हाणीघरात स्वतःला शिव्या देत होते. आणि हे कुणालातरी माहीत होतं, त्याला उपाय होता, आणि तो आमच्या घरापासून दोन चौकांवर बसलेला होता. मीच त्याला गाडी शिकवत होते.

“बाहेर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा,” त्या दाराशी म्हणाल्या. “मी खोटं बोलणार नाही, पण तुमचं कुणाला सांगणारही नाही.”

बाहेर नवराही येऊन थांबला होता. गाडीत त्या दिवशी मला पुढे बसू दिलं नाही, धक्के बसतात म्हणून. मागे सासूबाईंच्या शेजारी बसवलं आणि त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला.

“काय म्हणाली?”

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “एवढ्यात काही सांगता येत नाही म्हणे, आई. जपायला सांगितलंय. नाजूक आहे जरा.”

तो खोलीत नव्हता. डॉक्टरीणबाईंशी एक शब्द बोलला नव्हता. पण पडण्याची तयारी सुरू झाली होती. मला दिसलं, आठ-पंधरा दिवसांत मी पलंगावर पडलेली असेन, डोक्यावर चाव्या, बायका येऊन जातील, शिंपीणबाई टोपडी लपवील, आणि मी नसलेल्याचं सुतक पाळत बसेन. मग पुन्हा तेच प्रयत्न, तीच भिंत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

“हे आत नव्हते, आई,” मी म्हटलं. “मी होते. दिवस गेलेले नाहीत. जाणं शक्यच नाही. आमच्यात आजवर काही झालेलंच नाही.”

गाडी थोडी हेलकावली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पुढच्या आरशाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“कधीच नाही?”

“नाही.”

“का? हा...”

“त्यांच्यात काही नाही. मला दुखतं. खूप दुखतं. शरीर बंदच होतं माझं.”

मी सगळ्याची तयारी ठेवली होती. हात सोडतील, माहेरी फोन लावतील, फसवलं म्हणतील. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि चेहरा चक्क उजळला.

“एवढंच ना? देवा! मला वाटलं काय नि काय.” त्या माझा हात थोपटायला लागल्या. “वेडी कुठली. अगं, दुखतंच ते. मलाही असंच व्हायचं. सांगायला कुणी नव्हतं म्हणून मी आपली शिकले. दात आवळायचे, उशीचा कोपरा तोंडात धरायचा आणि उद्याची कामं आठवायची. भाजी काय, धुणं किती. होऊन जातं तेवढ्यात. हा काय,” त्यांनी हनुवटीने पुढे दाखवलं, “असाच झाला.”

त्या माझ्यावर माया करत होत्या. एवढ्या दिवसांत इतक्या मायेने त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. पुढे नवऱ्याची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती. सिग्नलला गाडी उभी राहिली.

“आणि मग, आई?” मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला. “नंतर कधीपासून आवडायला लागलं?”

“काय?”

“ते.”

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला नव्हता. लाजही वाटली नव्हती. त्या खरंच आठवून बघत होत्या, मी कशाबद्दल बोलतेय ते.

“काय आवडायला?” त्यांनी पुन्हा विचारलं.

दिवा बदलला. मागची गाडी हॉर्न देऊ लागली, मग तिच्या मागची. नवरा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसला होता.

“अरे, हिरवा लागलाय, चल ना,” सासूबाई म्हणाल्या. माझा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.